राहून गेलेली मूठ

पारोळा
१५ जानेवारी २०२५

मंदा,

अक्काचे आशीर्वाद. पाकिटात तिळाची वडी आहे. टपालात तिचा भुगा झाला असेल तर भुगाच खा, पण खा.

फोन तू उचलत नाहीस म्हणून हा कागदाचा खटाटोप. यांच्या फोनवरून लावला की उचलतेस, "भाऊ, बठ्ठं बरं शे ना?" म्हणून विचारतेस, आणि मी फोन हातात घेतला की दाराची बेल वाजली म्हणून ठेवून देतेस. तुझ्या दारावर एवढे कोण गं येतात? जळगावात जाऊन दवाखाना उघडलास की काय?

श्रावणापासून तुझा अबोला चालू आहे. मी मोठी जाऊ, म्हणून मीच लिहिते. कानबाईच्या सणाला जे झालं ते गडबडीत झालं. तुला का मी नवीन सांगायचं? सुपात गहू घ्यायचे, भाऊबंदातल्या एकेका पुरुषाचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि त्याच्या नावाची सव्वा मूठ टोपलीत टाकायची. त्याच गव्हाचे रोट. सासूबाई गेल्यापासून हे माझ्याकडे आहे. तिकडे बायका गाणी म्हणत होत्या, पोरं नाचत होती, छगननानांना मध्येच चहा हवा होता. एवढ्या गलक्यात तुझ्या भूषणचं नाव राहून गेलं. माणूस आहे, विसरते. बासष्टावं लागलंय मला.

त्यावर तू प्रसाद न घेता उठून एसटी स्टँडवर गेलीस. मी सगळ्यांना सांगितलं की तुझी गाडी चुकत होती. तुझी लाज मीच राखली, हे लक्षात ठेव.

आणि मी मनात काही धरून ठेवलेलं नाही. भूषणने आम्हाला न विचारता कचेरीत सह्या करून लग्न केलं, तेही गिळलं. गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझी सून दीपमाला एकटी माझ्या दारात आली होती, हे तुला ठाऊक असेलच. हात जोडून उभी राहिली, माफी मागितली. मी म्हटलं, जा बाई, माफ केलं. नव्या सुनेला आणखी काय पाहिजे? पोरीला जे उमगलं ते सासूला उमगू नये, याचं मला वाईट वाटतं.

अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला ये. यांच्या गुडघ्याला तेल लावून लावून माझे हात दुखतात, तू आलीस म्हणजे जरा बोलणं तरी होईल.

तुझी,
रत्नाअक्का


पारोळा
१२ मे २०२५

मंदा,

आखाजी झाली. तू आली नाहीस. सांजोऱ्या केल्या होत्या, पुरणही घातलं होतं. तुझ्यासाठी ठेवलेल्या सांजोऱ्या मोलकरणीच्या पोरी खाऊन गेल्या.

पहिल्या पत्राला तुझं उत्तर नाही. आता वाटतं, बरंच झालं. त्यातला दीपमालाचा मजकूर तू फाडून टाकलास तर बरं. सगळंच पत्र फाड.

झालं असं, की लुगडं बदलून आणायला शांतिलालशेठच्या दुकानात गेले होते. शेठ जेवायला गेलेले, गल्ल्यावर शेठाणी. आमची जुनी ओळख. बोलता बोलता मी आपली फुशारकी मारली, की आमची सूनही तुमच्यातलीच, जैनांची, आणि बघा कशी गुणाची, दारात येऊन माफी मागून गेली. तसं मी ते गावभर सांगितलंच होतं. "पोरीने पाय धरले" असंही कुठे कुठे सांगितलं असेल. पाय धरले नव्हते, मंदा. हात जोडले होते. तुझ्या कानावर ते पाय धरल्याचंच गेलं असणार, आणि त्यानंतर तू यांचाही फोन उचलायला वेळ लावू लागलीस.

शेठाणी म्हणाली, "काय म्हणाली होती ती?"

मी म्हटलं, "मिच्छामि दुक्कडम."

"संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी?"

"तुमचं काय असतं ते मला ठाऊक नाही, पण गणपतीत."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, जा, माफ केलं."

तिने घडी घालत आणलेलं लुगडं तसंच मांडीवर ठेवलं. हसली नाही. हसली असती तर परवडलं असतं. म्हणाली, "रत्नाबाई, त्याला माफ केलं असं उत्तर नसतं. तेच शब्द आपणही म्हणायचे असतात. मी आमच्या गड्यालाही म्हणते, तो मला म्हणतो. वर्षात कळत नकळत ज्याला ज्याला दुखवलं असेल त्याने त्याने क्षमा करावी, एवढंच. त्यात गुन्हेगार कुणी नसतो. तुम्ही तर न्यायाधीश होऊन बसलात."

मी लुगडं न बदलताच घरी आले.

त्या दिवशीची ती पोर डोळ्यासमोरून जात नाही. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. तिने चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला, आणि ते शब्द म्हणून माझ्या तोंडाकडे बघत थांबली. मी "माफ केलं" म्हटल्यावरही थांबलीच. मला वाटलं, हिला आता चहा हवा असेल. मी चहाही विचारला नाही, मंदा. पाणीसुद्धा नाही. ती तशीच उन्हाची परत गेली.

आपल्याकडे आहे का गं असं काही? आपण संक्रांतीला म्हणतो, गोड बोला. म्हणजे मागचं काढू नका, पुढचं बघा. आणि मागचं मनात तसंच आंबत राहतं. परवा ट्रॅक्टरचे मिस्त्री अन्वरभाई हजला निघाले म्हणून घरोघर भेटायला फिरत होते. आपल्याकडेही आले. यांना म्हणाले, "भाऊ, कहासुना माफ करना." हे म्हणाले, "तुम्ही काय केलंय आमचं?" तर म्हणाले, "मला आठवत नसेल असंही काही असेल ना." मी आत स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं. ज्याला आठवत नाही तो दारोदार फिरतो, आणि जिला सगळं आठवतं ती पातेल्यावर झाकण ठेवून आत उभी राहते.

एवढ्यावरून ओळख. पुढचं आज लिहिवत नाही.

रत्नाअक्का


पारोळा
२० जुलै २०२५

मंदा,

कानबाईचे गहू निवडायला घेतले आहेत. चाळण लावली, खडे काढले, आता पत्र लिहायला बसले. हात धुतले नाहीत. कागदाला भुसा लागेल.

मी विसरले नव्हते.

मोठ्या घरापासून सुरुवात केली. यांचं नाव, माझ्या हितेंद्रचं, त्याच्या मुलाचं. मग छगननानांचं घर, मगनचं घर. मग तुमचं. ज्ञानेश्वर भाऊजी गेल्यापासून तुमच्या घरातून एकच नाव घ्यायचं असतं. मूठ भरली होती मी. "भूषण" तोंडाशी आलं होतं. तू समोर बसली होतीस, पदर सावरून, कान देऊन. मी मूठ सुपात परत सोडली आणि पुढच्या घराचं नाव घेतलं.

ज्याची मूठ मोजत नाहीत तो एक तर दत्तक गेलेला, नाही तर मेलेला. हे मला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? आणि भाऊजी गेल्यावर त्या टोपलीत तुझं म्हणून जे काही होतं ते त्या एका मुठीत होतं. तिच्यावर तू त्या घरची होतीस, रोटाला हात लावू शकत होतीस. मी पोराची मूठ काढली आणि तुझं पान उचललं. तू माझ्याजवळ येऊन कानात बोलावं तसं बोललीस, "मना पोऱ्या जित्ता शे, अक्का." दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही. मी वर बघितलं नाही. तू गेल्यावर मी सगळ्यांना म्हटलं, अगं बाई, भूषणचं राहूनच गेलं वाटतं. पण टोपली तोवर जात्याकडे गेली होती.

का केलं ते ऐक. कारण सांगते म्हणजे सूट मागते असं समजू नको.

सावद्याच्या माझ्या भावाला मी शब्द दिला होता, की तुझी भाविका आमच्या भूषणला करू. तुलाही विचारलं नव्हतं. दहावीपर्यंत माझ्या हातचं जेवला, मला मोठी आई म्हणतो, मग माझा शब्द तो मोडणार कसा, असं धरून चालले होते. त्याने सह्या करून लग्न केलं तेव्हा भावाचा फोन आला. म्हणाला, "ताई, तुझ्या घरात तुझं किती चालतं ते कळलं." बस. एवढं वाक्य. केळीच्या पानावरचं पाणी झटकावं तसं त्याने मला झटकलं. ते मी तुझ्यावर आणि तुझ्या पोरावर काढलं. तेही देवीसमोर, हळदीकुंकवाच्या हातांनी.

वर्षभर मी स्वतःला सांगत आले की विसरले. लोकांना सांगितलं, तुलाही लिहिलं. सांगून सांगून मलाही जवळजवळ खरं वाटू लागलं होतं. शेठाणीने त्या दिवशी नकळत सुई टोचली नसती तर कदाचित पुरतंच खरं वाटलं असतं.

तीन ऑगस्टला रविवार आहे. कानबाई बसेल. तू ये आणि या वर्षी मुठी तू मोज. मी सूप धरून बसेन. नाही आलीस तरी मी भाऊबंदांसमोर खरं काय ते सांगणार आहे. मला आता हे सोसत नाही.

रत्ना


पारोळा
४ ऑगस्ट २०२५

मंदा,

आज कानबाईला निरोप दिला. नदीवरून आल्या आल्या लिहिते.

तू आली नाहीस. दर गाडीला मी ओट्यावर जाऊन बघत होते. शेवटी छगननाना म्हणाले, "आते कितली वाट दखशी? मोज." मी सूप पुढ्यात घेतलं. सगळी नावं घेतली. तुमच्या घरापाशी आले आणि थांबले, आणि बोलून टाकलं. मागच्या साली भूषणची मूठ राहून गेली नव्हती, मी मुद्दाम सोडली होती, म्हटलं. मंदाचा काही दोष नाही, तिच्या सुनेने पाय धरले नव्हते, ती तिच्या रीतीप्रमाणे भेटायला आली होती आणि मी तिला पाणीही दिलं नाही, म्हटलं.

गाणी थांबली. हे माझ्याकडे बघत राहिले, चाळीस वर्षांत पहिल्यांदा बघितल्यासारखे. हितेंद्रची बायको उठून आत गेली. छगननाना म्हणाले, "जुनं कसाले काढतस, वहिनी? देवीना दिन शे." मग बायकांनी पुन्हा गाणं धरलं.

भूषणचे गहू मी मोजले नाहीत. ज्या हाताने सोडले त्या हाताने मोजायचे नाहीत असं ठरवलं. त्याच गव्हातून थोडे फडक्यात बांधून देवीच्या पाटाखाली ठेवले. ते घेऊन मी बुधवारी जळगावला येते आहे. देवीचा दाणा घराबाहेर नेत नाहीत, मला माहीत आहे. नेणार आहे.

मला फार हलकं वाटतंय, मंदा. वर्षाने पहिल्यांदा पोटभर जेवले.

हे पत्र तुझ्या हाती पडायच्या आधी मीच पोचेन बहुतेक.

रत्ना


पारोळा
८ ऑगस्ट २०२५

मंदा,

तू तिथेच होतीस. तरी मला जे दिसलं ते लिहून ठेवते, कारण तुझ्या घरात मला नीट बोलताच आलं नाही.

एरंडोलला गाडी बंद पडली म्हणून मी पोचले तेव्हा दिवस मावळला होता. दार दीपमालाने उघडलं. मी दारातच हात जोडले आणि ते शब्द म्हटले. अडखळले मध्ये. ती पोर गोंधळली. "मोठी आई, अजून पर्युषण यायचंय, हे त्याच्या शेवटी म्हणतात," म्हणाली. मग तिने माझी पिशवी खाली ठेवली, हात जोडले आणि तेच शब्द मला म्हणाली. पुढे पाणी घेऊन आली. मी ते प्यायले. आपल्या ओट्यावरचा तो तांब्या मला आठवला, जो मी भरला नव्हता.

तिचं जेवण दिवस असतानाच झालेलं, तरी तिने मला गरम पोळी करून वाढली. भरीत वाढलं नाही म्हणून माफ करा म्हणाली, आमच्यात वांगं नसतं. मी म्हटलं, "माझ्याही दातात बिया अडकतात." ती हसली. तू स्वयंपाकघराच्या पडद्याआड होतीस. भांड्यांचा आवाज येत होता, तुझा नाही.

भूषण रात्रपाळीला गेला होता, म्हणून मला सकाळपर्यंत थांबावं लागलं. सकाळी दीपमाला देरासरला, त्यांच्या मंदिरात गेली आणि तू बाहेर आलीस. माझं सोमवारचं पत्र माझ्याआधीच पोचलं होतं, ते हातात धरून उभ्यानेच बोललीस. वर्षाने बोललीस.

"काब्र सांगं बठ्ठासले?"

मी म्हटलं, "खरं सांगायला नको होतं?"

"मी भूषणले सांगेल नही. दीपमालाले बी नही. मनं गुडघं दुखस म्हणीसन मी येत नही, असं सांगेल शे. त्यासले वाटस, मोठी आई इसरी गयी. मी वरीसभर तुनं पाप पदरमा झाकी ठेवं. अन तू चार लोकसमा उघडं करी उनी. तुले हलकं वाटनं. मना पोऱ्याले काय वाटी?"

मंदा, देवीशपथ सांगते, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ती पोर माझ्या दारात इतक्या मोकळ्या तोंडाने कशी आली, हे मी कधी स्वतःला विचारलं नाही. तिला खरं ठाऊकच नव्हतं. तू ठाऊक होऊ दिलं नव्हतंस. मी मूठ सोडली तेव्हाही माझ्या मनात मीच होते, आणि भाऊबंदांसमोर कबुली दिली तेव्हाही मीच होते. पोटभर जेवले असं तुला लिहिलं, त्याची मला आता शरम वाटते.

तेवढ्यात खाली गाडीचा आवाज आला. तू पटकन माझ्याशेजारी खाटेवर बसलीस. खांद्याला खांदा लागेल एवढी जवळ. मला वाटलं, आता ही काय करते.

भूषण आला. पाया पडला नाही. डबा हातातच होता. "मोठी आई, मगनकाकाचा फोन आला होता काल रात्री कामावर," म्हणाला. "खरं आहे का?" चेहरा असा, की लहानपणी गुडघा फुटल्यावर माझ्याकडे यायचा तसा. मी तोंड उघडलं. खरं सांगायचं होतं मला, अजूनही. पाय धरायचे होते त्याचे.

तू माझ्या आधी बोललीस. "इसरीच गयी व्हती ती. पन लोकसम्होरे रडं उनं का काहीबी बोली टाकस. तुले आपली अक्का माहीत नही का? दख, तुनी राहेल मूठ लई उनी शे."

मग तू माझ्या पिशवीतलं फडकं काढलंस, परात घेतलीस आणि त्याच्यासमोर मोजलेस गहू. "भूषण ज्ञानेश्वर." एक मूठ. मग वरची पाव, बोटं नीट मिटून.

त्याने माझ्याकडे बघितलं. "विसरली होतीस?"

तुझा हात परातीत तसाच होता.

"हो रे," मी म्हटलं. "विसरले होते. वय झालं."

त्याने डबा खाली ठेवला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मंदा, मला ते कसं सोसलं ते माझं मला माहीत. त्याचे केस कानाजवळ पांढरे व्हायला लागलेत. त्याचा विश्वास बसला की त्याने बसवून घेतला, मला कळलं नाही. तो आंघोळीला गेला.

स्टँडवर तू मला सोडायला आलीस तेव्हा मी तुला विचारलं, "माफ केलंस का गं मला?" तू गाडीची पाटी वाचत होतीस. म्हणालीस, "ते मालेच माहीत नही. पुढला साल मुठी मी मोजसू. सूप तू धरजो." आणि मला खिडकीची जागा बघून दिलीस.

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की विसरले. तेव्हा ते खोटं मी माझ्यासाठी बोलले होते. आता तेच तू मला सांभाळायला दिलंस. भूषण विचारेल तेव्हा, दीपमाला विचारेल तेव्हा, त्यांची पोरं मोठी होऊन विचारतील तेव्हाही, मी विसरलेच होते. खरं फक्त आपल्या दोघींत. भाऊबंदांनाही मी उद्यापासून सांगणार आहे, की म्हातारी त्या दिवशी देवीसमोर भावनेच्या भरात काहीतरी बोलली. हसतील. हसू देत.

तू आता पत्र लिहू नको म्हणालीस, फोन उचलेन म्हणालीस. म्हणून हे शेवटचं. रविवारी सकाळी फोन करते. उचल.

अक्का